राउटरच्या दोन बैठका

सुतारकामाच्या विजेवर चालणाऱ्या हत्यारांविषयी सल्ला विचारावयास जी मंडळी आमच्या कारखान्यात येतात, त्यांचा पहिला प्रश्न किमतीचा असतो आणि दुसरा मोटरीच्या ताकदीचा. परंतु राउटर घेताना या दोहोंच्याही आधी विचारावयास हवा असा जो प्रश्न, म्हणजे ही मोटर लाकडावर कोणत्या बैठकीत बसणार आहे, तो इतक्या वर्षांत फारच थोड्यांनी विचारलेला मला आठवतो. वास्तविक राउटरची मोटर कोणत्याही कंपनीची असली तरी तत्त्वतः एकच वस्तू आहे. एक उभी मोटर, तिच्या खालच्या टोकास बिटाची दांडी आवळून धरणारे कोलेट, आणि मिनिटाला दहा हजारांपासून पंचवीस-तीस हजारांपर्यंत फेऱ्या घेणारी धार, एवढाच तिचा संसार. कामाचा गुण, कारागिराची सुरक्षितता आणि कित्येकदा साऱ्या नगाचे भवितव्य ठरते ते त्या मोटरीला धरून ठेवणाऱ्या बैठकीवर. आणि पुण्याच्या टिंबर मार्केटच्या परिसरात दारे, चौकटी व फर्निचर यांचा व्यवसाय करताना मला जे शिकावयास मिळाले, त्यातला मोठा भाग या बैठकांच्या भेदाशी निगडित आहे.

स्थिर बैठकीत, म्हणजे ज्याला बाजारात फिक्स्ड बेस म्हणतात त्यात, मोटर धातूच्या एका कड्यात बसते. कडे सैल करून मोटर हवी तितकी वर-खाली करावयाची, बिट तळाखाली किती बाहेर आले हे मोजून घ्यावयाचे, कडे आवळून टाकावयाचे, आणि त्यानंतर काम संपेपर्यंत खोलीचा विचार मनातून काढून टाकावयाचा. प्लंज बैठकीत मोटर दोन गुळगुळीत पोलादी खांबांवर, स्प्रिंगच्या आधाराने उभी असते. बैठक लाकडावर टेकवून, मोटर चालू करून, दोन्ही मुठी दाबल्या की फिरते बिट सरळ लाकडात उतरते, खटका आवळला की त्या खोलीवर थांबते, आणि खटका सोडला की स्प्रिंगच्या जोरावर पुन्हा वर येऊन तळाच्या आत जाते. म्हणजे पहिल्या बैठकीत खोलीचा निर्णय काम सुरू होण्यापूर्वीच झालेला असतो, तर दुसरीत तो काम चालू असताना, प्रत्येक उतरणीला, कारागिराच्या हाताने व्हावयाचा असतो. हा एक भेद मनात पक्का बसला, की कोणते काम कोणत्या बैठकीचे, हे पुष्कळ अंशी आपोआप उलगडत जाते.

स्थिर बैठक ही रंध्याच्या कुळातली आहे. पाते तळाखाली किती डोकवावे हे आधी ठरवावयाचे आणि मग रंधा चालवावयाचा, ही जुनी रीत. खाचेचा तळ साफ करण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेच्या स्टॅन्ले कंपनीने काढलेला ७१ क्रमांकाचा हातराउटर त्याच रीतीने चालतो, आणि विजेच्या आरंभीच्या राउटरांनी तीच व्यवस्था स्वीकारली. प्लंज बैठक पुढे १९४९ च्या सुमारास जर्मनीतील एलू या कंपनीने आणली, आणि युरोपातल्या कारागिरांत ती इतकी रुजली की तिथे राउटर म्हणजे प्लंज राउटर असाच समज झाला, तर अमेरिकेत स्थिर बैठकीचा मान दीर्घकाळ टिकून राहिला. आपल्याकडे गोष्टींचा क्रम निराळा आहे. मोठ्या स्थिर बैठकीचा राउटर आपल्या दुकानांत आजही क्वचितच दृष्टीस पडतो. स्थिर बैठक आपल्या सुतारांच्या हाती आली ती ट्रिमरच्या रूपाने. सनमायकाच्या कडा साफ करण्यासाठी बनविलेले हे दीड किलोच्या आसपास वजनाचे, पाचशे-सातशे वॅटचे आणि ६ मिलीमीटर कोलेटचे लहानसे यंत्र इतके सोयीचे ठरले, की चाळीतल्या एका खोलीत काम करणाऱ्या मिस्त्रीपासून मोठ्या ठेकेदारापर्यंत सर्वांनी ते जवळ केले. मात्र त्याच यंत्राला सागवानात एका खेपेत खोल खाच काढावयास लावले जाते. मग मोटर तापते, बिट जळते, लाकडावर काळे डाग उमटतात, आणि स्थिर बैठक निकामी आहे असा निवाडा दिला जातो. हा निवाडा चुकीचा आहे. दोष अपुऱ्या मोटरीचा असतो, बैठकीचा नसतो.

स्थिर बैठकीची खरी योग्यता मला एका ग्रंथालयाच्या कामाने पटवून दिली. निविदेतल्या अटीप्रमाणे १८ मिलीमीटर प्लायवूडच्या उभ्या पाखांत आडव्या फळ्यांसाठी ६ मिलीमीटर खोलीच्या खाचा घ्यावयाच्या होत्या, आणि कपाटांची रांग भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणारी होती. अशा कामात एखादी खाच अर्धा मिलीमीटर उथळ राहिली तर तेवढ्याने फळी लांब पडते, कपाट गुण्यात बसत नाही, आणि पुढच्या प्रत्येक कपाटाला ती कसर वारशाने मिळते. कारखान्यात त्या वेळी मोठा प्लंज राउटर होता व तोच वापरास काढला. आरंभीच्या पाखा चोख उतरल्या. परंतु दुपारनंतर जोडणी करणाऱ्या कारागिराच्या ध्यानात आले की फळ्या खाचेत पूर्ण बसेनाशा झाल्या आहेत. खटक्याची पकड अखंड थरथरीने किंचित ढिली पडत होती आणि स्प्रिंग मोटरीला केसाकेसाने वर ढकलत होती. खटका पुन्हा आवळावा, पुन्हा मोजावे, हा उपाय होता. पण ज्या कामात खोली एकदाही बदलावयाची नाही त्या कामात ती बदलू शकणारे यंत्र वापरण्याचे प्रयोजन काय, हा प्रश्न त्या दिवशी प्रथम मनात उभा राहिला. शेजारच्या कारखान्यातून स्थिर बैठकीचा राउटर मागून आणला, एका तुकड्यावर खोली तपासून कडे आवळले, आणि शेवटच्या पाखेपर्यंत मापपट्टीला हात लावण्याची गरज पडली नाही. (या कामात आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते: १८ मिलीमीटर म्हणून मिळणारे प्लायवूड बहुधा त्याहून थोडे पातळ भरते, सबब १८ चे बिट लावून एका खेपेत खाच काढली तर फळी त्यात हलते. लहान बिट घेऊन, प्रत्यक्ष फळीच्या जाडीवरून बेतलेल्या पट्ट्यांच्या आधाराने, दोन खेपांत खाच काढणे श्रेयस्कर.)

कडेच्या कामातही स्थिर बैठकच अधिक विश्वासाची. मेजाच्या फळीला गोला किंवा गलता मारताना बैठकीचा अर्ध्याहून अधिक भाग लाकडाबाहेर अधांतरी असतो, आणि यंत्र बाहेरच्या बाजूस कलंडू पाहते. स्थिर बैठकीच्या मुठी अगदी खाली, लाकडालगत असतात व मोटरीचा भारही खाली असतो. बहुतेक प्लंज यंत्रांत मुठी मोटरीला जोडलेल्या असल्यामुळे हात उंचावर राहतात, आणि पाच-सहा किलोंचे ते वजन फळीच्या कोपऱ्यावर वळवताना जराही कलले तर कडेत खड्डा पडतो. सागाच्या फळीच्या तयार कडेत पडलेला असा खड्डा बुजवता येत नाही. सारी कडच पुन्हा मागे घ्यावी लागते, आणि तसे केले म्हणजे मेजाचे माप जाते.

असे असूनही, लाकडाच्या पोटात शिरावयाचे काम आले की स्थिर बैठकीची मर्यादा तत्काळ उघडी पडते. सातारा जिल्ह्यातील एका जुन्या वाड्याच्या दारांचे काम आमच्याकडे आले होते. फळ्या शाबूत होत्या, पण चौकटीचे सांधे कुजलेले होते, आणि नव्या सागवानी चौकटीत असंख्य खाचा घेऊन कुसवे बसवावयाची होती. खाचेची रुंदी लाकडाच्या जाडीच्या एक तृतीयांश धरण्याचा आपल्या सुतारांचा पूर्वापार हिशोब आहे. त्याप्रमाणे ३६ मिलीमीटर जाडीला १२ मिलीमीटर रुंदीची खाच, आणि खोली ४५ मिलीमीटर. हे काम प्लंज बैठकीने ज्या शिस्तीने होते ती पाहण्यासारखी असते. आधी खाचेच्या दोन टोकांना सरळ उतरून पूर्ण खोलीची दोन भोके घ्यावयाची, मग मधला भाग सहा-सहा मिलीमीटरच्या थरांनी काढावयाचा, दर खेपेस खटका सोडून बिट वर येऊ द्यावयाचे व भुसा झटकावयाचा. राउटरच्या खाचेची टोके गोल राहतात. ती पटाशीने चौरस करावीत किंवा कुसवाच्या कडा कानशीने गोल कराव्यात, दोन्ही मार्ग चालतात, मात्र साऱ्या कामात एकच मार्ग ठेवावा. सागवानात सिलिका असते व ती साध्या पोलादी धारेला फार लवकर बोथट करते, म्हणून तिथे कार्बाइडचेच बिट हवे, आणि ते टोकाशीही कापणारे हवे. ज्या बिटाला मध्यभागी धार नाही ते सरळ खाली उतरत नाही, फक्त लाकूड जाळते.

त्याच कामावर एक वृद्ध मिस्त्री होते. विजेच्या हत्यारांचा त्यांना तिटकारा नव्हता, परंतु प्लंज यंत्राच्या खटक्यावर त्यांचा हात बसला नव्हता, आणि लाकडाच्या मधोमध स्थिर बैठकीचा राउटर तिरका करून उतरवण्याचा जो प्रघात कित्येक ठिकाणी दिसतो, त्याला त्यांचा सक्त विरोध होता. त्यांच्या वाट्याला आलेल्या बंद टोकांच्या खाचांसाठी त्यांनी सामत्याने व किंकऱ्याने आरंभाचे भोक स्वतः पाडले, त्या भोकात बिट अलगद मोकळे ठेवून मगच मोटर चालू केली, आणि खाचेच्या दुसऱ्या टोकाला पोचल्यावर मोटर बंद करून बिट पूर्ण थांबेपर्यंत यंत्र उचलले नाही. “भोक आपण पाडू, खाच त्याला काढू द्या,” एवढेच ते शिकाऊ मुलांना सांगत. वेळ अधिक लागला, पण खाचा निर्दोष होत्या. यंत्राची उणीव हाताच्या कौशल्याने भरून निघते. मात्र त्यासाठी ती उणीव कारागिराला नेमकी ठाऊक असावी लागते, आणि ती त्यांना होती.

याच्या उलट प्रकार ड्रॉवरच्या कामात पाहावयास मिळाला. डव्हटेलचे बिट खाली रुंद आणि वर निरुंद असते, त्यामुळे ते लाकडाच्या कडेने आत शिरते आणि कडेनेच बाहेर पडले पाहिजे. खाच अर्धी असताना ते वर उचलले तर खालची रुंद धार वरच्या निरुंद तोंडातून लाकूड फाडत येते. एक तरुण कारागीर, ज्याचा हात दोन वर्षे प्लंज यंत्रावर घडलेला होता, सवयीने खेपेच्या शेवटी खटका सोडता झाला, आणि शिसवी ड्रॉवरची दर्शनी पट्टी क्षणात वाया गेली. मुलगा हुशार होता व त्याचा हातही चांगला होता. खेपेअखेर खटका सोडणे हीच त्या यंत्राची योग्य सवय असल्याने त्याच्याकडे बोट दाखवण्यात अर्थ नव्हता. तेव्हापासून आमच्याकडे डव्हटेलच्या साच्यावर केवळ स्थिर बैठकच वापरली जाते. जिथे वर येण्याची मुभा असणे हाच धोका आहे, तिथे ती मुभा नसलेले यंत्र हवे.

प्लंज बैठकीने मला सर्वांत अधिक आनंद दिला तो देव्हाऱ्यांच्या महिरपींत. प्लायवूडचा फर्मा कापून तो कानशीने व पॉलिशपेपरने निर्दोष करावयाचा, राउटरच्या तळाला गाईड बुश बसवावयाचा, आणि बुश फर्म्याच्या कडेला घासत नेत महिरपीच्या कमानी, त्यामधली जाळी, खालच्या पट्टीतले कमळ असे सारे एकेका उतरणीने उमटवत जावयाचे. येथे हिशोब काटेकोर लागतो: बुशचा बाहेरचा व्यास ३० मिलीमीटर आणि बिट १२ मिलीमीटर असेल, तर फरकाचा निम्मा भाग, म्हणजे ९ मिलीमीटर, फर्मा सर्व बाजूंनी प्रत्यक्ष आकृतीहून मोठा हवा. जाळीच्या प्रत्येक घरात स्वतंत्रपणे उतरावे व बाहेर यावे लागते. हे काम स्थिर बैठकीने करू पाहणे म्हणजे आकृतीशी वैर धरणे होय. खोली थरांनी वाढवण्यासाठी प्लंज यंत्राच्या तळावर पायऱ्यांची जी फिरती चकती असते, तिचा उपयोग आपले बरेच कारागीर करीतच नाहीत, याचे मला वाईट वाटते. खोलीची दांडी व चकती यांच्यामध्ये प्रत्यक्ष वस्तूच ठेवून माप घेता येते. बिजागरीची जागा घ्यावयाची असेल तर बिट लाकडाला टेकवावे, बिजागरीचे पान त्या दोहोंमध्ये धरावे, दांडी पानावर टेकवून आवळावी आणि पान काढून घ्यावे. यंत्र बरोबर त्या पानाच्या जाडीइतकेच उतरते, आणि मापपट्टीवरच्या रेषा वाचण्याची गरज उरत नाही.

प्लंज बैठकीचे खांब हे तिचे मर्मस्थान आहे. सागाचा तेलकट भुसा त्यांवर बसला की मोटर अडखळत उतरते, आणि मग कारागीर एका मुठीवर अधिक जोर देतो, त्याने ती आणखीच अडकते. खांब रोज कोरड्या फडक्याने पुसावेत व अधूनमधून मेणाचा पुसट हात द्यावा. तेल लावू नये, कारण तेलावर भुसा चिकटून लेप तयार होतो. स्थिर बैठकीला एवढी शुश्रूषा लागत नाही, आणि जिथे एक यंत्र पाच हातांत फिरते अशा कारखान्यात ही गोष्ट किरकोळ नाही.

राउटर मेजाखाली उलटा बसवण्याचे कामही स्थिर बैठकीलाच साजते. प्लंज बैठक उलटी टांगली म्हणजे खोली वाढवताना मोटरीचे वजन आणि स्प्रिंगचा जोर या दोहोंविरुद्ध ती वर ढकलावी लागते. म्हणून पुष्कळजण स्प्रिंग काढून टाकतात, आणि मग ते यंत्र हातात धरून वापरण्याच्या उपयोगाचे राहत नाही.

बैठक कोणतीही असो, काही गोष्टींत दोन्ही सारख्याच कठोर आहेत. आपल्या बाजारात ६, ८ व १२ मिलीमीटरच्या दांड्यांबरोबर पाव इंची व अर्धा इंचीही सर्रास मिळतात. पाव इंच म्हणजे ६.३५ मिलीमीटर, आणि त्या कोलेटमध्ये ६ मिलीमीटरची दांडी आवळली तर ती बसल्यासारखी भासते, पण काम चालू असता हळूहळू खाली सरकत जाते. स्थिर बैठकीत अशी खोली वाढली तर कारागिराला पत्ता लागत नाही, कारण खोलीकडे लक्ष न देण्याची त्याला मुभा दिलेली असते. एका ओळखीच्या कारखान्यात मेजाची फळी आरपार गेली ती याच कारणाने. दुसरी गोष्ट वेगाची: ४० मिलीमीटर व्यासाचे बिट २२,००० फेऱ्यांनी फिरवले, तर त्याची धार सेकंदाला सुमारे ४६ मीटर धावते, म्हणून बिटाचा व्यास वाढेल तसा वेग उतरवलाच पाहिजे. तिसरी दिशेची: फळीच्या बाहेरच्या कडेने घड्याळाच्या उलट, आणि चौकटीच्या आतल्या कडेने घड्याळाप्रमाणे, म्हणजे बिट लाकडात खेचले जाते पण यंत्र हातातून पळत नाही. आणि बिट बदलण्यापूर्वी प्लग सॉकेटमधून काढणे, केवळ बटण बंद करणे नव्हे, हा आमच्या कारखान्यातला बिनअपवाद हुकूम आहे.

शिकाऊ मुलाच्या हाती प्रथम कोणती बैठक द्यावी, याविषयी कारागिरांत मतभेद आहेत. खेपेअखेर बिट आत जाते म्हणून प्लंज अधिक सुरक्षित, असे एक मत आहे व त्यात तथ्य आहे. तथापि मी स्थिर बैठक आधी देतो. तिच्यावर मुलाचे लक्ष दिशा, वेग आणि दाब या तीनच गोष्टींवर राहते. त्या हातात मुरल्या, की मग चौथी गोष्ट, म्हणजे खोली, त्याच्या स्वाधीन करता येते.

एकच मोटर दोन्ही बैठकांत बसवता येईल असे संच आता मिळतात, आणि ज्याला दोन यंत्रांचा खर्च झेपत नाही त्याच्यासाठी ते उत्तम आहेत; फक्त मोटर एका बैठकीतून दुसरीत नेली की आधीचे माप मोडते, हे ध्यानात ठेवून कामाची आखणी करावी. एकाच यंत्रापुरती रक्कम असेल आणि चौकटी, दारे, देव्हारे हा मुख्य व्यवसाय असेल, तर १२ मिलीमीटर कोलेटचा, वेग बदलता येणारा प्लंज राउटर घ्यावा. कपाटे, ड्रॉवर व कडांचे काम अधिक असेल, तर पुरेशा ताकदीची स्थिर बैठक शोधून, मागवावी लागली तरी मागवून घ्यावी. आणि प्लंज यंत्र घेणाऱ्यांना माझी आग्रहाची विनंती आहे, की पैसे देण्यापूर्वी ते दुकानातच खोक्यातून बाहेर काढून घ्यावे, मधोमध खाली दाबून खटका आवळावा, मग दोन्ही मुठी धरून आडवे हलवून पाहावे. खांबांत खेळ जाणवला, तर ते यंत्र घेऊ नये.